त्यांनी खेळून पाहिला का?

माननीय संपादक,

नमस्कार. मी लाखांदूर तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहून राहिली आहे. गावात ऑनलाईन सेवा केंद्र चालवते, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, दिवसभर हेच काम, आणि संध्याकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही सहासात जण टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळतो. आपल्या पेपरात पुरस्कारांच्या बातम्या रोज असतात, सिनेमाच्या, साहित्याच्या, नाटकाच्या, पण या खेळांच्या पुरस्कारांवर मी कधी दोन ओळी वाचल्या नाहीत, आणि आता आपल्याकडेही अशा गेमच्या स्पर्धा सुरू होऊन राहिल्या आहेत तर त्यांचे परीक्षण कसे व्हावे, नॉमिनेशन कसे जाहीर व्हावे यावर कोणीतरी बोललेच पाहिजे म्हणून हे पत्र. थोडे लांबले आहे, जमेल तेवढे छापा.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणजे मोबाईलवरचा गेम नाही. चारपाच जण एकत्र बसतात, एक जण गोष्ट सांगणारा, त्याला गेम मास्टर म्हणतात, बाकीचे प्रत्येकी एक एक पात्र घेतात. मास्टर सांगतो तुम्ही जंगलात आहात, अंधार पडून राहिला, समोर नाला भरून वाहतो, काय करता? तुम्ही सांगता मी उडी मारतो, आणि ती उडी जमली का नाही ते फासे ठरवतात. फासे पण साधे नाही, चार बाजूंचे, आठ बाजूंचे, वीस बाजूंचे. आमच्याकडे पहिले वर्षभर फासे नव्हतेच, आम्ही चिंचोके अर्धे फोडून टाकायचो, जेवढे पांढरे वर पडले तेवढे तुमचे, लहानपणी ओसरीवर खेळायचो तसेच. हा प्रकार सुरू केला तो अमेरिकेतल्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी, 1974 साली, डंजन्स अँड ड्रॅगन्स नावाने, आणि मला आवडणारी गोष्ट ही की त्याच्या पहिल्या 1000 प्रती कोण्या मोठ्या कारखान्यात नाही बनल्या, लेक जिनिव्हा नावाच्या तलावाकाठच्या छोट्या गावात त्यांनीच घरी हाताने डबे भरून तयार केल्या. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या, माणसाला यात नवल वाटणार नाही, आमच्या इकडची नाटके पण वडसा गावातून निघतात, मुंबईतून नाही, आणि मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसात रात्रभर हजार माणूस थंडीत चादर घेऊन बसते.

आता पुरस्कारांचे. या खेळांमध्ये सगळ्यात जास्त ज्याची चर्चा असते ते एनी अवॉर्ड्स, 2001 मध्ये सुरू झाले आणि 2002 पासून जेन कॉन नावाच्या मोठ्या मेळाव्यात दिले जातात. हा मेळावा 1968 मध्ये त्याच लेक जिनिव्हात सुरू झाला, आता इंडियानापोलिस शहरात भरतो. मला त्यांची पद्धत मांडायची आहे कारण माझा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. प्रकाशक आपापले गेम पाठवतात, मोठी कंपनी असो का घरी बसून पीडीएफ बनवणारा एकटा माणूस असो. पाच जज असतात आणि हे जज कोणी आयोजकांनी आपल्या ओळखीतून उचललेले नसतात, खेळणाऱ्या लोकांनी मत देऊन निवडलेले असतात. हे पाच जण शेकडो पुस्तके वाचतात, जमेल तेवढी खेळतात, आणि प्रत्येक विभागात साधारण पाच नावे काढतात, तेच नॉमिनेशन. मग ती यादी जाहीर होते आणि त्यावर जगभरातले खेळाडू मत देतात, पसंतीचा क्रम लावून, त्यातून सोने आणि चांदी ठरते. म्हणजे निवडून काढायचे काम अभ्यासू माणसांचे आणि शेवटचा कौल लोकांचा. आणि एक फार चांगली सोय आहे, प्रत्येक जजला स्वतःच्या पसंतीचा एक गेम वेगळा निवडता येतो, बाकी चौघांना पटो ना पटो.

विभाग वाचले तरी माणूस शिकतो. सर्वोत्तम नियम वेगळे, सर्वोत्तम लेखन वेगळे, सर्वोत्तम नकाशा वेगळा, कव्हरचे चित्र वेगळे आणि आतली चित्रे वेगळी, कुटुंबासोबत खेळायचा गेम वेगळा, आणि फुकट गेमसाठी वेगळा विभाग. हा फुकटवाला विभाग आमच्यासाठी सोन्याच्या वर आहे. आमच्या इकडे गेमचे दुकान नाही, भंडाऱ्यात नाही, नागपूरला काही मिळते पण किंमत पाहून माणूस परत ठेवून देतो. मग आम्हाला कसे कळणार काय चांगले निघाले? त्या यादीतून. जुलैच्या आसपास नॉमिनेशन येतात, आमच्या इकडे ते धानाच्या रोवणीचे दिवस, सगळे चिखलात, रात्री अंग ठणकत असते तरी आम्ही बसून ती यादी वाचतो, फुकट काय आहे ते डाउनलोड करतो, बाकीच्यांची नावे वहीत लिहून ठेवतो. कोण जिंकला हे मी दोन वर्षांनी विसरते पण यादीतले गेम आम्ही अजून खेळून राहिलो आहे. म्हणून माझे ठाम मत आहे की नॉमिनेशनची यादी ही बक्षिसापेक्षा मोठी गोष्ट आहे, दूर राहणाऱ्या माणसासाठी तर नक्कीच, आणि ती बनवणाऱ्या परीक्षकाची जबाबदारी पण तेवढीच मोठी.

सगळे एकाच पद्धतीने करतात असे नाही. डायना जोन्स अवॉर्ड नावाचा एक पुरस्कार आहे, तो पण 2001 पासूनच, त्याची समिती जवळपास सगळी गुप्त असते, आणि तो गेमलाच मिळेल असे नाही, माणसाला मिळतो, संस्थेला मिळतो, एखाद्या कल्पनेलाही मिळू शकतो. त्याच्या ट्रॉफीत इंडियाना जोन्सच्या एका जुन्या गेमचे जळके अवशेष बंद करून ठेवले आहेत, नावातली सुरुवातीची अक्षरे जळून गेली आणि उरले ते डायना जोन्स, म्हणून हे नाव. गुप्त समिती मला स्वतःला पटत नाही, पण ते कोणाला का निवडले हे लिहून सांगतात, ते मी मानते. जर्मनीत श्पील देस यारेस आहे, तो बोर्ड गेमचा, 1979 मध्ये पहिल्यांदा दिला गेला, तिथे परीक्षक म्हणजे गेमवर नेमाने लिहिणारे समीक्षक असतात, ते तीन नॉमिनेशन काढतात आणि त्याशिवाय खेळण्यासारख्या गेमची वेगळी शिफारस यादी देतात. ही शिफारस यादी मला फार आवडते, तीनमध्ये जागा नाही मिळाली म्हणून चांगला गेम वाया जात नाही.

आता आमचे सांगते, कारण मी नुसती वाचून बोलत नाही, मी स्वतः परीक्षक होती आणि आमची चूक झाली.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत वाचनालयाच्या पोट्ट्यांनी ठरवले की आजूबाजूच्या गावांतून स्वतः बनवलेले गेम मागवायचे. अकरा आले. परीक्षक आम्ही तिघे, मी, हायस्कूलचे एक रिटायर्ड सर आणि दंडारीत, म्हणजे आमच्या इकडच्या लोकनाट्यात, काम करणारे एक काका. पहिल्या बैठकीत आम्ही अकराही गेम वाचले, मार्क दिले, आणि पाच नावे काढून दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या फळ्यावर खडूने लिहून टाकली. सगळ्यात जास्त मार्क मिळाले होते एका चाळीस पानी गेमला, कलर प्रिंट, स्पायरल बायंडिंग, राजे, किल्ले, तलवारी, वाचायला एकदम भारी. आणि नववीतल्या एका पोराचा गेम आम्ही सातव्या नंबरवर टाकला, चार पाने, पेन्सिलने लिहिलेला, अर्धा पान तर खोडलेला.

फळ्यावर नावे मार्कांच्या क्रमाने लिहिली होती. लोकांनी वाचले की वरचा पहिला आला. त्या मुलाच्या घरी पेढे वाटले गेले. आणि एक मुलगी एसटीने बारा किलोमीटरवरून फक्त फळा पाहायला आली, तिचे नाव नव्हते, तिला कोणी फोन केला नव्हता, ती फळ्यासमोर उभी राहिली आणि तशीच परत गेली. ते मला अजून दिसते. नॉमिनेशन जाहीर करणे म्हणजे खडूने पाच नावे लिहिणे एवढेच काम आहे असे आम्ही समजलो होतो.

त्यानंतर आम्ही खेळायला बसलो, शेवटचा निकाल खेळून लावायचा होता. तो कलर प्रिंटवाला गेम काढला. पहिली लढाई सुरू झाली आणि एका लढाईला पाऊण तास लागला, प्रत्येक वाराला तीन वेळा फासे, मग तक्त्यात पाहा, मग वजाबाकी, आणि ज्या दोघांची पात्रे लढाईत नव्हती ते नुसते बसून. लिहिणाऱ्याने मेहनत खूप केली होती, भाषा पण छान होती, पण तो गेम त्याने कोणासोबत खेळलाच नव्हता हे दहा मिनिटात कळले. मग काका म्हणाले की नॉमिनेशन जाऊ द्या, आता अकराही खेळून पाहू, दंडार कागदावर वाचून कोणाला कळते का? त्यांचे म्हणणे बरोबर होते. आम्ही आठ रात्री बसलो.

आणि तो चार पानांचा गेम सहाव्या रात्री निघाला. गोष्ट अशी की मुसळधार पाऊस, गावचा मामा तलाव तुडुंब भरला, चार माणसे रात्री पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, राखण करतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, भंडारा गोंदिया गडचिरोली चंद्रपूर या भागात जुन्या लोकांनी बांधलेले, आमचे धान यांच्यावरच. पाळ एका जागी झिरपायला लागली आहे, पाणी कुठूनतरी काढावेच लागेल, आणि प्रत्येक खेळाडूला सुरुवातीला एक चिठ्ठी मिळते ज्यात त्याची बांधी, म्हणजे धानाचे शेत, कुठे आहे ते लिहिलेले, ती बाकीच्यांना दाखवायची नाही. बस. फासे नाही, चिंचोके, आणि दर डावाला पाणी एक बोट वर. कोणाच्या बाजूने पाळ फोडायची? मी ज्या बाजूने बोलत होती ती माझी बांधी वाचवायला बोलून राहिली हे सगळ्यांना कळत होते आणि तरी कोणी म्हणत नव्हते. दोन तास आम्ही पाणी प्यायलाही उठलो नाही. शेवटी सरांनी स्वतःच्या बांधीकडची पाळ फोडायला सांगितली आणि चिठ्ठी उलटी केली, खोलीत कोणी बोलले नाही. सर रिटायर्ड माणूस, त्यांच्याकडे खरोखर दोन एकर आहे तलावाखाली, त्यांचे डोळे भरले होते.

हा गेम आम्ही वाचून सातवा ठरवला होता.

शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी किती सेकंदात आली ते घड्याळ सांगते, तिथे भांडण झाले तरी घड्याळापुढे मिटते. गेमला घड्याळ नाही. इथे परीक्षकाने स्वतः बसून खेळणे हेच घड्याळ आहे, दुसरे काही नाही. एनीवाल्या पाच जणांना शेकडो गेम पूर्ण खेळणे शक्य नाही हे मला समजते, ते वाचनावर आणि अनुभवावर बरेच सोडत असतील, पण आपल्याकडे अकरा येतात, वीस येतात, आपल्याला काय अडचण आहे?

भाषेवरून पण आमचे वाजले. एका आजीने नातवाकडून मोबाईलवर रेकॉर्ड करून गेम पाठवला होता, मोहफुले वेचायला पहाटे जंगलात जाणाऱ्या बायांचा, वाघ जवळपास आहे आणि टोपली अर्धीच भरली आहे, अजून थांबायचे का निघायचे. सगळा झाडीबोलीत. सरांचे म्हणणे की भाषा अशुद्ध आहे, नियमपुस्तिका अशी नसावी. मी म्हटले की ण आणि ळ आमच्या झाडीबोलीत नाहीतच तर आजी ते कुठून आणणार, आणि नियम कळले की नाही हा प्रश्न आहे, ते तर एकदा ऐकून पोरांना पाठ झाले. दोन रात्री वाद चालला. मग सर स्वतः तो गेम खेळले, आणि नंतर त्यांनीच यादीत टाका म्हटले. झाडीपट्टीचे नाट्यकलावंत डॉ. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांची रंगभूमी याच बोलीच्या मातीतली आहे, मग गेमने शुद्धलेखनाची परीक्षा का द्यायची.

काकांचा भाचा पण स्पर्धेत होता. ते पहिल्याच दिवशी बोलले, त्या गेमच्या वेळी ते बाहेर ओसरीवर बसले, मार्क दिले नाही. कोणी सांगितले नव्हते त्यांना, पण मला वाटते हे नियमात लिहूनच ठेवावे, सगळेच काकांसारखे नसतात.

दुसऱ्यांदा यादी लावली तेव्हा नावे अक्षरांच्या क्रमाने लावली, प्रत्येकाखाली दोन ओळी की हा का निवडला, वर लिहिले की यात पहिला दुसरा असे काही नाही, खाली आमची तिघांची नावे. फळ्यावर लावायच्या आधी अकराही घरी फोन केले. ज्यांचे नाव नव्हते त्यांना चिठ्ठी दिली, त्यात काय चालले आणि कुठे अडले. ज्याच्या घरी पेढे वाटले होते तिथे मी स्वतः गेली, जड गेले, पण त्याला कागदावर दाखवले की लढाई कुठे लांबते, तो आता त्यावर काम करून राहिला आहे. एसटीने आलेल्या मुलीला दिलेल्या चिठ्ठीवर तिने उलट उत्तर पाठवले की तुमचा दुसरा मुद्दा मला पटला नाही. मला फार बरे वाटले.

मग आम्ही तो मामा तलाववाला गेम एका मोठ्या शहरातल्या स्पर्धेला पाठवला, नाव घेत नाही. पाचशे रुपये फी, वर्गणी काढून भरली. पीडीएफच पाहिजे म्हणून मी केंद्रात बसून चारही पाने टाईप केली, चिठ्ठ्यांची चित्रे काढली. दोन महिने काही नाही. मग एक दिवस नॉमिनेशन म्हणून आठ पोस्टर टाकले, परीक्षक कोण ते नाही, किती गेम आले ते नाही, का निवडले ते नाही, आणि खाली लिहिले की ज्या पोस्टरला जास्त लाईक तो विजेता. आमच्या पोराचे पोस्टर नव्हते. ते ठीक आहे, हरणे ठीक आहे, मी त्याबद्दल तक्रार करत नाही. पण मी त्याला सांगितले तेव्हा त्याने एकच विचारले, ताई, त्यांनी खेळून पाहिला का?

मी ईमेल केला, उत्तर नाही. परत केला. अजून नाही. मला त्या पोराला हो किंवा नाही सांगता येत नाही, आणि जे आठ निवडले त्यांच्यावर पण हा अन्यायच आहे, कारण त्यांनाही माहीत नाही की त्यांचा गेम कोणी टेबलावर ठेवला होता की फक्त चित्र चांगले होते म्हणून घेतला. लोकांनी मत द्यावे, जरूर द्यावे, पण आधी खेळलेल्या माणसांनी गाळून दिलेल्या यादीवर. नुसत्या लाईकवर ठेवले तर ज्याच्या घरात चार मोबाईल तो पुढे, आणि आमच्या त्या पोराच्या घरी एकच आहे, तो पण बापाच्या खिशात, शेतावर.

म्हणून मराठीत जे कोणी अशा स्पर्धा घेऊन राहिले किंवा घेणार आहेत त्यांना आपल्या पेपरातून माझी विनंती पोचवा, की परीक्षकांची नावे आधी सांगा, प्रत्येक गेम निदान एकदा चार माणसांत बसून खेळा, किती आले ते सांगा, आणि नॉमिनेशनच्या प्रत्येक नावाखाली दोन ओळी लिहा. दोन ओळींना पैसे लागत नाहीत. जमले तर जर्मनीसारखी शिफारस यादी पण द्या.

आणि आपल्याला स्वतःला एक विनंती. जुलैच्या सुमारास एनीची नॉमिनेशन आली की रविवारच्या पुरवणीत ती यादी छापा, पूर्ण. जागा कमी असेल तर फुकट गेमचा विभाग आणि कुटुंबाचा विभाग तेवढे तरी द्या, विजेते नंतर एका ओळीत दिले तरी चालेल. आमच्या वाचनालयात आपला पेपर दुपारच्या एसटीने येतो, पोट्टे स्टँडवर जाऊन घेऊन येतात.

त्या चार पानांची मूळ वही वाचनालयात कपाटात ठेवली आहे. त्या शहरातल्या स्पर्धेचे कोणी परीक्षक हे पत्र वाचत असतील तर त्यांनी अजूनही यावे. वडसा स्टेशनला उतरले की पुढे आम्ही घ्यायला येऊ, राहायची सोय आमच्याकडे. चार माणसे लागतात आणि दोन तास. चिंचोके आहेत.

आपली नेहमीची वाचक,
ता. लाखांदूर, जि. भंडारा